पसाभर खत

सोनाबाई पहिल्यांदा आमच्या माती तपासणीच्या खोलीत आल्या, तेव्हा त्यांच्याजवळ माती नव्हती. कर्जतच्या त्या दोन खोल्यांत येणारा प्रत्येक जण काही ना काही घेऊन यायचा. कोणी फडक्यात, कोणी डब्यात. एकाने तर बैलाच्या खुरातून खरवडून आणली होती. या बाई मोकळ्या हातांनी दाराशी उभ्या राहिल्या आणि आमच्या शिपायाला, जैतूला, विचारू लागल्या, "मातीच्या बाई त्या ह्याच का रं?"

"ह्याच. माती कुठं हाय?"

"माती नाय. इचारायचं हाय."

"मग या आत. बाई चावत नायत."

१९७३ ची दिवाळी होऊन आठेक दिवस झाले होते. सोनाबाई नेरळजवळच्या पोशीरच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने किरकोळ, लुगडं धुऊन धुऊन रंग गेलेलं पण स्वच्छ. स्टुलावर बसायला तयार झाल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्यानेच त्यांनी विचारलं, "बाई, राब न भाजता आवण येतं का?"

आवण म्हणजे भाताचं रोप. आमच्या भागात हे रोप ज्या तुकड्यात टाकतात, तो आधी भाजून घेतात. जमिनीवर शेण पसरायचं, त्यावर ऐन-किंजळाच्या तोडलेल्या फांद्या, म्हणजे कवळ, त्यावर पेंढा आणि सगळ्यात वर मातीचा पातळ हात. वैशाखात वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. हा राब. त्याने तणाचं बी मरतं, माती मोकळी होते, राखेतून पालाश मिळतं. रोप जोमदार येतं यात खोटं काही नाही. पण शेणातलं नत्र धुरात निघून जातं आणि दरसाल झाडं बोडकी होतात, हेही खरं. शेतकऱ्यांपैकी कोणीतरी आपणहून हा प्रश्न विचारावा, म्हणून मी इथे आल्या दिवसापासून वाट पाहत होते. त्यामुळे त्या का विचारताहेत हे मी विचारलं नाही. मी उत्तरच द्यायला लागले. धूर, नत्र, राख, कुजवणं, सगळं सांगितलं. त्यांनी ते मान हलवत ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "म्हंजे झाडावर चढायला लागणार नाय?"

"नाही."

"कोणालाच नाय?"

तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

त्यांचा मुलगा गजा, बावीस वर्षांचा, त्याच वर्षी पौषात कवळ तोडताना ऐनावरून पडला होता. त्यांच्याच बांधावरचं झाड, राबाच्या तुकड्याला लागून. वडील, धाऊ, खाली कवळाचे भारे बांधत होते. ते पाठमोरे होते. आवाज झाला म्हणून वळले.

"कमरेची आकडी रिकामी व्हती," सोनाबाई म्हणाल्या. आकडी म्हणजे कोयता अडकवायचं लाकूड, कमरेला बांधतात. "कोयता कुठं गेला तो गेलाच. करवंदीत शोधला, गवतात शोधला. कोणी उचलून नेला म्हनतात. मेलेल्या पोराचा कोयता कोण नेतं, बाई?"

जैतू हातातली काचेची नळी पुसता पुसता थांबला.

"यंदाचा राब गावानं केला. पुढल्या साली गजाचा बा म्हनतो मी चढतो. छपन्नावं वरीस लागलं त्यांना. गुडघ्यात पाणी हाय. सांगून ऐकत नायत. म्हनतात राब नाय तर शेत नाय." त्यांनी पदर सावरला. "म्हनून आले."

नेरळला पोपटशेटची भाताची गिरणी होती, हलरची. हलरमध्ये तूस आणि कोंडा एकत्रच भरडून बाहेर पडतो. गिरणीमागे नाल्याच्या कडेला त्याचा डोंगर साठलेला असायचा, पोटातून धुमसत. वारा सुटला की आख्ख्या आळीच्या डोळ्यांत तूस जायचा आणि बायका पोपटशेटच्या नावाने बोटं मोडायच्या. नेईल त्याने न्यावा, असं शेट स्वतःच म्हणायचा. मी त्या ढिगाचे नमुने आधीच तपासले होते. नुसता तूस कुजायला फार हट्टी, पण कोंडा मिसळलेला आणि भरडलेला असला, शेणाची आणि गोठ्यातल्या मुताड मातीची जोड मिळाली, दोनदा उलथापालथ केली, तर त्याचं खत होतं. एवढं मला प्रयोगशाळेत कळलेलं होतं. शेतात कोणी करून पाहिलेलं नव्हतं.

खड्डा मी स्वतः जाऊन आखून दिला. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन खोल. धाऊंनी बैलगाडीच्या आठ खेपा केल्या. उंच, वाकत चाललेला माणूस, फार बोलायचे नाहीत. शेजारच्या शेतातला पदू बांधावर येऊन बसला.

"धाऊदा, शेटचा उकिरडा घरी आणलास? आता शेटला पण आण, खड्ड्यात घाल."

"तुला घालतो आधी," धाऊ म्हणाले. "तू लवकर कुजशील."

पदू हसला. सोनाबाईंनाही हसू आलं. पोशीरमध्ये त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं.

थरावर थर चढले. हिरवा पाला म्हणून बांधावरची रोपटी घ्यायची होती. सोनाबाईंनी जमिनीवर उभं राहून हाताला येईल तेवढाच पाला ओढला, त्याच्या वरचा एकही नाही. खड्डा मातीने लिंपून झाल्यावर धाऊ हात धुऊन आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

"एक वरीस," ते म्हणाले. "ह्या पौषात मी झाडाकडं जात नाय. ह्याच्यावर आवण आलं, तर पुन्हा कधी जानार नाय. नाय आलं, तर पुढल्या पौषात चढनार. मग कोणी आडवं यायचं नाय." त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"नाय येनार," सोनाबाई म्हणाल्या.

"बाई, तुमी?"

मला यात धरतील असं वाटलं नव्हतं. "मीही नाही येणार," मी म्हणाले.

खत तयार झालं की नाही हे डोळ्यांनी पुरतं कळत नाही. त्यातल्या कर्बाचं आणि नत्राचं प्रमाण पाहावं लागतं. ताज्या तुसात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे सत्तर-ऐंशी भाग असतात. कुजत कुजत ते वीसच्या खाली यायला हवं. त्याआधी घातलं, तर मातीतले सूक्ष्म जीव तो उरलेला तूस खाण्यासाठी मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि रोप उपाशी राहतं. हे मी सोनाबाईंना सांगितलं होतं. "पोटुशी बाई आधी स्वतः खाते, तसं," त्या म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, जवळपास तसंच.

मेच्या मध्याला मी पोशीरला जाऊन नमुना घेणार होते. पण हंगामाआधीची तीनशे पाकिटं टेबलावर पडली होती आणि दुसरे साहाय्यक लग्नासाठी गावी गेले होते. मी जैतूबरोबर निरोप धाडला: सोनाबाईंना म्हणावं, खड्ड्यातलं पसाभर खत घेऊन या.

त्या तिसऱ्या दिवशी आल्या. नव्या टोपलीत पळसाची पानं, पानांवर खत, वरून धुतलेलं फडकं. काळंभोर, चहाच्या भुकटीसारखं बारीक, आणि वास पावसाळ्यातल्या रानातल्या मातीचा.

"परसाद आणलाय जणू," जैतू म्हणाला.

"गप रं," सोनाबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा खुलला होता.

तपासणीला दोन दिवस लागले. प्रमाण सतरा आलं. मला ते इतकं हवं होतं, की माझा माझ्यावर विश्वास बसेना. मी पुन्हा केलं. पुन्हा सतराच. तक्त्यावर मी 'वापरण्यास योग्य' असं लिहिलं आणि खाली सही केली.

बी जूनच्या पहिल्या आठवड्यात पडलं. जून सरता सरता एका सकाळी जैतू सायकल लावून आत आला. पाण्याचा तांब्या भरून ठेवला, खिडकी उघडली. मग म्हणाला, "बाई, पोशीरचं आवण पिवळं पडलंय म्हनतात."

मी दुपारी तिथे पोचले. इतरांच्या राबांतली रोपं वीतभर, गडद हिरवी झाली होती. धाऊंच्या तुकड्यात चार बोटं उंचीची, लिंबासारखी पिवळट रोपं उभी होती. खालची पानं टोकाकडून वाळत चाललेली. मी एक उपटून पाहिलं. मुळं ठीक होती. कीड नव्हती. रोप उपाशी होतं, दुसरं काही नाही.

माती बोटांनी उकरली, तेव्हा तुसाचे सोनेरी कण दिसले. अख्खे, कोरडे, गिरणीतून काल निघाल्यासारखे. तसेच उठून मी खड्ड्याकडे गेले. तळाशी आणि कडांना अजून खत उरलं होतं. मधला भाग काळा होता. पण चारही बाजूंना हात-दीड हात रुंदीचा पट्टा जवळजवळ कच्चा. कडांपर्यंत ऊब पोचलीच नव्हती.

सोनाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तुम्ही मला आणलंत, ते खत कुठलं घेतलं होतं?" मी विचारलं.

"मधलं. मधलं चांगलं व्हतं." आणि मग, "चाळनीतून काढलं. तूस राहिलावता, तो निवडला. दोन दिस बसले व्हते ओटीवर. एकेक काढला."

मी खड्ड्याच्या कडेचा मूठभर तूस उचलला.

"तुमी एवढ्या शिकलेल्या," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं काय घाण घिऊन येनार?"

या भागात कोणाकडे तांदूळ द्यायचे तर खडा काढून, आंबे द्यायचे तर डाग नसलेले, लग्नात पाट मांडायचा तर घरातला सगळ्यात चांगला. मला हे माहीत होतं. मातीचा नमुना कसा घ्यावा याचं छापील पत्रक आमच्या दारावर चिकटवलेलं होतं: आठ ठिकाणांहून, निरनिराळ्या खोलीवरून, न निवडता, सगळं एकत्र कालवून. सोनाबाईंना वाचता येत नव्हतं. आणि मी जैतूजवळ फक्त पसाभर म्हटलं होतं.

माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काहीतरी कळलं असावं. "निवडायला नको व्हतं का?"

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी यायला हवं होतं."

"पन निवडायला नको व्हतं."

यावर खोटं बोलणं मला जमलं नाही. "नको होतं," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले, थंडी वाजत असल्यासारखे.

उपाय साधा होता. थोडं अमोनियम सल्फेट टाकलं असतं तर आठ दिवसांत रोप हिरवं झालं असतं. पण त्या वर्षी टंचाईमुळे रासायनिक खत कुठेच नव्हतं. नेरळच्या, कर्जतच्या दुकानांत रिकामी पोती घडी घालून ठेवलेली. खोपोलीला माणूस पाठवला, तोही हात हलवत परतला. मग माझ्या टेबलाच्या कपाटात तपासणीसाठी ठेवलेली अमोनियम सल्फेटची अर्ध्या किलोची बाटली मी पोशीरला नेली. पाण्यात विरघळवून झारीने घातली. चार गुंठ्यांच्या त्या तुकड्यात दोन चटयांएवढी जागा आठवड्यात हिरवीगार झाली. बाकीचं पिवळंच राहिलं. गोमूत्राचं पाणी दिलं, त्याने थोडा फरक पडला, पण तोवर लावणीचे दिवस आले होते. तो हिरवा चौकोन पिवळ्या तुकड्यात लांबून दिसायचा. पदूनेही त्यावर काही टोमणा मारला नाही. उलट आपलं उरलेलं आवण त्याने गुपचूप त्यांच्या बांधावर आणून टाकलं. त्याच्या जोरावर अर्धं शेत लागलं. अर्धं तसंच राहिलं.

धाऊ मला एवढंच म्हणाले, "झालं आता."

मी डिसेंबरात पुन्हा गेले. उरलेलं खत मधल्या काळात दोनदा उलथवून, ओलं करून ठेवायला सांगितलं होतं. सोनाबाईंनी ते केलं होतं, नव्याने तीन गाड्या तूस-कोंडाही खड्ड्याच्या एका बाजूला घातला होता, न सांगता. मी स्वतः नमुना घेतला. बारा ठिकाणांहून, कडांतून जास्त. खडे, काड्या, जे आलं ते. नव्या भागाला अजून वेळ होता, पण जुन्याचं प्रमाण सोळा आलं. आणि या वेळी ते सगळ्या जुन्या खताचं होतं. राबाच्या तुकड्याला पुरेल एवढं ते नक्की होतं.

पौषात जैतूने सांगितलं, धाऊंनी पदूचा कोयता मागून नेला आहे. दगडावर पाणी घालून पाजत बसले होते.

मी दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने नेरळला उतरले आणि पोशीरपर्यंत चालत गेले. ते तिघं झाडाखालीच होते. धाऊ, सोनाबाई, आणि कोयता आपला म्हणून की काय, पदू. ऐन पानांनी भरलेला होता. दोन वर्षं कोणी हात लावला नव्हता.

"धाऊबाबा, खत तयार आहे," मी म्हणाले. "या वेळी मी स्वतः काढलं, स्वतः तपासलं. हा कागद."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. "खरा असंल, बाई. मागचा पन खराच व्हता."

"मागची चूक—"

"तुमी शबुद दिलावता, आडवं येनार नाय म्हनून."

मी दिला होता. मी बाजूला झाले.

"अवो," सोनाबाई म्हणाल्या. "गुडघा बघा जरा."

"गुडघा माझ्यासंगच येतोय."

ते चढले. सावकाश, पण हातापायांना ते झाड पाठ होतं. पहिलं बेचकं, दुसरं. मग पानांआड फक्त धोतराचा पांढरा भाग दिसू लागला, आणि मग तोही दिसेना. मी कोयत्याच्या पहिल्या घावाची वाट पाहत होते. सोनाबाई मान वर करून उभ्या होत्या. त्यांचे दोन्ही तळहात पुढे, किंचित उघडे झाले होते. त्यांना ते कळत नसावं. झाडावरून पडणारा माणूस झेलता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

घाव पडला नाही. बराच वेळ नुसती पानं हलत होती, एकाच जागी, कोणीतरी काहीतरी ओढत असल्यासारखी.

"अवो! काय करताय?"

पानं तशीच हलत राहिली.

"धाऊदा, बोल की रं!" पदू ओरडला.

"हाय मी," वरून आवाज आला. 

उतरताना त्यांना चढण्याहून जास्त वेळ लागला. जमिनीला पाय लागल्यावर ते बांधावर बसले. पदूचा कोयता आकडीत तसाच होता, पातं कोरडं. उजव्या तळहाताची साल निघून रक्त आलं होतं.

"कोयता हाय वर," ते म्हणाले.

कोणाचा, हे कोणी विचारलं नाही.

"मधल्या खांदीवर रोवलाय. वरल्या अंगाला, म्हनून खालून दिसला नाय." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "असाच रोवतात. कोयता रोवायचा, दोनी हात मोकळे करायचे, मग फुडली फांदी धरायची. मीच शिकिवलं त्याला. बारा वरसाचा व्हता. त्यानं बरोबर केलं. फुडली फांदी किडकी निघाली. तिचा खुंट तेवढा राहिलाय."

सोनाबाई त्यांच्याजवळ खाली बसल्या. "काढलात का?"

"लय ओढला. निघत नाय. झाडानं धरलाय त्याला. पात्यावर साल चढली, मूठ तेवढी भायेर हाय."

"ऱ्हाऊ द्या."

"मला वाटायचं कोणी नेला." धाऊ म्हणाले. "दोन वरसं मी गावातल्या एकेकाच्या कमरेला बघत व्हतो."

पदूने मान फिरवली. मग तो उठला, धाऊंच्या कमरेचा आपला कोयता काढून घेतला आणि घराकडे चालू लागला.

थोड्या वेळाने धाऊंनी माझ्यापुढे हात केला. "बाई, तो कागद द्या."

मी दिला. त्यांनी तो न उघडता दोनदा दुमडून बंडीच्या खिशात ठेवला. त्यावर रक्ताचं बोट उमटलं. "मी चढलो," ते म्हणाले. "शबुद झाला. खड्ड्यातलं काय घालायचं ते घाला यंदा."

वैशाखात पोशीरच्या बाजूला सगळीकडे राब पेटले. नेरळच्या स्टेशनवरून धूर दिसायचा. त्याच दिवसांत सोनाबाई कर्जतला आल्या. पदराखालून एक गाठोडं काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. मी सांगितलेलं नव्हतं.

मी गाठ सोडली. खत होतं. त्यात खडे, पेंढ्याचे तुकडे, शेळीच्या लेंड्या, फुटक्या बांगडीचा एक हिरवा तुकडा आणि थोडा तूसही.

"काय निवडलं नाय," त्या म्हणाल्या. "जसं हाय तसं." मी एकेक खडा बाजूला काढत होते, तेव्हा त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, यातला कुठला दोष त्यांचा निघतो, हे बघत असाव्यात. मला वाटलं, ती पळसाची पानं आणि ते धुतलेलं फडकं मी त्यांच्याकडून कायमचं काढून घेतलं.

"चांगलं आहे," मी म्हणाले. "तपासायचीही गरज नाही."

"तपासा," त्या म्हणाल्या.

मी तपासलं. पंधरा आलं.

आषाढात मी पोशीरला गेले, तेव्हा लावणीसाठी रोपं उपटणं चाललं होतं. राब न केलेल्या त्या तुकड्यातलं आवण पदूच्या भाजलेल्या आवणाला उंचीने तोडीस तोड होतं. रंगाने काकणभर गडदच. सोनाबाई ओणव्याने उपटत होत्या, मुळं पाण्यात हलवून मुठी बांधत होत्या. धाऊ त्या मुठी पलीकडे नेत होते.

"गजा असता," सोनाबाई मान वर न करता म्हणाल्या, "तर म्हनला असता, आये, आता पौषात मी काय करू बसून? लई चळवळ्या." त्यांना हसू आलं. ते थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं. मग त्यांनी आणखी एक मूठ बांधली. "तीन वरसं आधी भेटला असतात, बाई."

"तेव्हा मी इकडे नव्हते," मी म्हणाले. यापेक्षा बरं उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

मी तुकड्याभोवती फिरले. सगळीकडे रोप सारखं होतं. फक्त बांधाच्या बाजूच्या कोपऱ्यात, पाच-सहा हात जागेत, ते बारीक आणि फिकट होतं. मी वाकून माती पाहिली. खत तिथेही तेवढंच पडलं होतं. मग वर पाहिलं. अडीच वर्षं न छाटलेल्या ऐनाची, कोयता रुतलेली ती मधली खांदी वाढून नेमकी त्या कोपऱ्यावर आली होती, आणि दुपारपर्यंत तिथे ऊन पोचत नव्हतं.

ती छाटली तर ऊन येईल, एवढं तिथल्या कोणालाही कळत होतं. मी ते सांगितलं नाही.